जे चर्च मुळात पांढरे होते

जुन्या गोव्याच्या चौकात पणजीची बस थांबली की उतारूंचे दोन तांडे होतात. डावीकडे सी कॅथेड्रल, पांढरेशुभ्र. उजवीकडे बॉम जीझस, लालसर तपकिरी. कॅमेरे आधी उजवीकडे वळतात. ‘बघा, चारशे वर्षांपूर्वीचा दगड, जसाच्या तसा,’ असे बाप पोरांना सांगताना मी तिथे अनेकदा ऐकले आहे आणि एके काळी माझ्या पोरांना मीही हेच सांगितले आहे. चर्च चारशे वर्षांपूर्वीचे आहे, यात वाद नाही. हा लाल रंग मात्र जेमतेम सत्तर वर्षांचा. त्याआधी साडेतीन शतके हे चर्च समोरच्या कॅथेड्रलसारखेच पांढरे होते.

या स्मरणिकेत, इथे ज्यांचे शव आहे त्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या चरित्रावर आणि शवदर्शनाच्या सोहळ्यांवर जाणकारांनी लिहिले आहे. माझ्या वाट्याला इमारत आली आहे. भिंती, छप्पर, पाण्याच्या वाटा, आवार. हे सगळे कोणी बांधले, कोणी राखले आणि मधल्या काळात कोणी वाऱ्यावर सोडले. विषय रुक्ष वाटेल, पण कोकणातल्या वाचकाला तो नवा नाही. वैशाखात घर शाकारायचे राहिले तर आषाढात काय होते, ते त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

चिरा आणि काळा दगड

जेझुइट संघाचे पाद्री झेवियर यांच्याबरोबर १५४२ साली गोव्यात उतरले. चार दशकांनी संघाने शहराच्या ऐन मध्यावर आपले मोठे निवासस्थान बांधायला घेतले तेव्हा त्याला बराच विरोध झाला. तो न जुमानता १५८९ पर्यंत निवासस्थान पुरे झाले. पोर्तुगीज त्याला ‘काझा प्रोफेसा’ म्हणत. त्याला खेटून चर्चची कोनशिला बसली ती २४ नोव्हेंबर १५९४ रोजी, आणि समर्पणविधी झाला १५ मे १६०५ रोजी, आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश यांच्या हस्ते. म्हणजे बांधकाम साडेदहा वर्षे चालले. नाव ‘बॉं जेजू’, चांगला येशू. गोव्यात त्याचा रूढ अर्थ बाळयेशू.

पैसा मुख्यतः एका मृत्युपत्रातून आला. कोची आणि होर्मुझ इथे कप्तान राहिलेले दों जेरोनिमु माश्कारेन्याश १५९३ साली वारले, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या संपत्तीतून हे चर्च उभे राहिले. चर्चच्या आत, प्रवचनाच्या व्यासपीठासमोरच्या भिंतीवर त्यांचे सोनेरी मुलाम्याचे स्मारक आहे. देणगीदाराची पाटी दर्शनी जागी लावायची आपली पद्धत काही आजची नाही.

चर्चची लांबी सुमारे १८३ फूट, रुंदी सुमारे ५५ फूट. भिंती जांभ्याच्या, म्हणजे गोव्यात जागोजाग निघणाऱ्या लाल चिऱ्याच्या. दर्शनी भागावरचे खांब, कंगोरे, खिडक्यांच्या चौकटी आणि वर येशूच्या नावाची आद्याक्षरे कोरलेला फलक मात्र काळ्या बेसाल्टचा. हा दगड आला वसईहून, जहाजाने. वसईच्या आसपासच्या खाणींतला कठीण, बारीक पोताचा दगड त्या काळी गोव्याच्या इमारतींना जात असे. गोव्याचे हे सर्वांत प्रसिद्ध चर्च चेहऱ्याने अर्धे वसईचे आहे, आणि आमच्या उत्तर कोकणातल्या वाचकांनी ते जरूर मिरवावे.

याच मेनेझिश यांचे नाव वसईच्या किल्ल्यातही दगडात कोरलेले आहे. तिथल्या सेंट जोसेफच्या मुख्य चर्चच्या दारावरचा लेख सांगतो की १६०१ साली, मेनेझिश आर्चबिशप असताना, या चर्चचा जीर्णोद्धार झाला. मला हा लेख फार आवडतो. चर्च बांधल्याचे शिलालेख पुष्कळ मिळतात, दुरुस्त केल्याचे कमी. पुढे मे १६१८ मध्ये वसईला भयंकर वादळ झाले आणि तिथल्या मोठ्या चर्चची छपरे उडाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या आणि तिथे त्या आजही वाजतात. किल्ल्यातल्या बहुतेक चर्चच्या भिंती राहिल्या, छपरे गेली. छप्पर गेलेल्या इमारतीचे पुढे काय होते, ते बघायला वसईइतकी चांगली शाळा नाही.

चुन्याचा सदरा

आता चिऱ्याच्या स्वभावाबद्दल. फ्रान्सिस बुकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने १८०७ साली मलबारातल्या अशा दगडाचे वर्णन छापले आणि त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. नाव नेमके आहे. खाणीत असताना चिरा इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. वर काढून उन्हावाऱ्यात ठेवला की टणक होतो. पण टणक झाला तरी तो भोकाभोकांचाच राहतो. लोहाची गंजासारखी जाळी आणि त्या जाळीच्या पोकळ्यांत चिकणमाती, असे त्याचे अंग. पाण्याचा मारा सतत बसला की आधी माती वाहून जाते, मग उरलेली जाळी ठिसूळ होते आणि तिची पूड पडायला लागते.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत. बॉम जीझसचे तोंड पश्चिमेला. समुद्रावरून येणारा वारा आणि पाऊस थेट दर्शनी भिंतीवर. इमारत बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी चिरा कधी उघडा ठेवला नाही. त्यावर चुन्याचा जाड गिलावा केला आणि गिलाव्यावर सफेदी. बेसाल्टचे कोरीवकाम तेवढे उघडे ठेवले, कारण त्याला पावसाचे भय नाही. पांढऱ्या भिंतीवर काळे खांब आणि कंगोरे, असा हा दर्शनी भाग मुळात कल्पिलेला होता. आज लालावर काळे बघताना आपण एका वेगळ्याच चित्राकडे बघत असतो.

इथे एक शंका नेहमी येते. कोकणात कितीतरी घरे आणि गडगे उघड्या चिऱ्याचे आहेत. ते टिकतात, मग चर्च का नाही? घराच्या भिंती बुटक्या असतात आणि छपराची पडवी दोन-अडीच हात पुढे आलेली असते. पागोळी भिंतीपासून लांब पडते. चर्चच्या उंच दर्शनी भिंतीला पडवी नाही, छत्री नाही. वरून पडणारे पाणी खालपर्यंत तिच्याच अंगावरून उतरते. शिवाय उघडे राहायचे चिरे निवडून, नीट तासून, बारीक सांध्यांनी रचतात. जी भिंत गिलाव्याखाली जाणार, तिचे चिरे तितक्या काळजीने निवडत नाहीत, सांधेही ढोबळ ठेवतात. कापडाखाली जायचे म्हणून अस्तराला जाडेभरडे कापड चालते. उद्या सदराच काढून घेतला तर अस्तराने काय करावे?

चुना गोव्यात शिंपल्यांचा. खाडीतले शिंपले भट्टीत भाजायचे, विझवायचे, वाळू मिसळून मळायचे आणि मुरत ठेवायचे. हा गिलावा सिमेंटसारखा घट्ट नसतो, आणि तोच त्याचा गुण. भिंतीत ओल शिरली तर ती त्याच्यातून बाहेर पडू शकते. ओलीबरोबर येणारे क्षार गिलाव्यात साठतात, गिलावा फुगतो, पोपडे पडतात. ते खरवडून नवा हात द्यायचा, आतला दगड शाबूत. थोडक्यात, झिजायचे काम गिलाव्याचे. सिमेंट फासले तर ओल आतच कोंडते आणि मग पोपडे दगडाचे पडतात. गेल्या शतकात गोव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या किती देवळांना, चर्चना, वाड्यांना हौसेने सिमेंट फासले गेले असेल याचा हिशेब न केलेला बरा.

देखभालीचे वर्षाचे चक्रही या हवेनेच ठरवलेले. उन्हाळ्याच्या अखेरीस छपरावर चढून कौले चाळायची, फुटकी बदलायची, वाळवी लागलेले वासे-रिपा काढायच्या, पन्हळींतला पाचोळा उपसायचा. गोव्यात चिऱ्यामातीच्या उघड्या भिंतींना पावसाच्या बाजूने माडाच्या विणलेल्या झावळ्या बांधत. त्यांना चुडते म्हणतात. पाऊस सरला की शेवाळ घासून काढायचे, फटीत उगवलेली पिंपळा-वडाची रोपे मुळासकट उपटायची, आणि सफेदी. झेवियर यांचा सण ३ डिसेंबरचा. त्याच्या नोव्हेना, म्हणजे आधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, नोव्हेंबरच्या २४ तारखेपासून. पाऊस ते सण यांच्यामध्ये रंगाऱ्यांना मिळतात ते दोनच महिने. सफेदी केवळ शोभेसाठी नसे. तिच्या दरवर्षीच्या पातळ थराने गिलाव्याच्या बारीक भेगा बुजत.

खिडक्यांच्या तावदानांचीही गंमत सांगायला हवी. गोव्याच्या जुन्या चर्चमध्ये काचेऐवजी मोठ्या चपट्या शिंपल्यांचे अर्धपारदर्शक तुकडे लाकडी चौकटीत बसवत. उजेड दुधासारखा मऊ येतो. पण हा शिंपला आता वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे फुटलेल्या तावदानाच्या जागी नवे कुठून आणायचे हा आजच्या देखभालीतला खराखुरा प्रश्न.

मालक गेला

हे सगळे करायचे कोणी? गोव्याच्या गावोगावच्या चर्चना याचे उत्तर ठरलेले आहे: फाब्रिका. चर्चची इमारत, जमीन, जमाखर्च आणि डागडुजी पाहणारे हे मंडळ. पाद्री अध्यक्ष, आणि गावातलेच खजिनदार, चिटणीस, मुखत्यार. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बांधकाम. रोमच्या सेंट पीटर्सची देखभाल करणाऱ्या खात्याचे नावही तेच. बांधकाम संपल्यावरही मंडळाचे नाव बांधकामच राहते, कारण ते कधी संपत नाही.

फाब्रिकांमागे गावाची गांवकारी, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक जमिनी सांभाळणारी संस्था, असे. तिच्या जमिनींच्या उत्पन्नातून चर्चचा खर्च निघे. यातला कडवट भागही इथे नोंदवला पाहिजे. तिसवाडीतली देवळे पाडल्यानंतर १५४१ साली त्यांच्या जमिनींचे उत्पन्न पोर्तुगीजांनी ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवले. देवळाच्या दिवाबत्तीचा पैसा चर्चच्या दिवाबत्तीला लागला. गोव्यातल्या धर्मस्थळाच्या देखभालीचा इतिहास लिहायचा आणि हे गाळायचे, हे मला जमणार नाही.

बॉम जीझसला मात्र अशी फाब्रिका नव्हती, कारण ते गावाचे चर्च नव्हते. ते जेझुइट संघाचे होते. संघ श्रीमंत होता, शिस्तीचा होता, कारागीर हाताशी होते. तोपर्यंत सगळे ठीक चालले. १६२२ मध्ये झेवियर संत म्हणून जाहीर झाले आणि त्यानंतर त्यांचे शव या चर्चमध्ये आले. १६३७ च्या सुमारास गोव्याच्या सोनारांनी चांदीची पेटी घडवली. १६९८ मध्ये टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांनी पाठवलेला संगमरवरी चौथरा बसला. तो शिल्पकार फोज्जिनी यांनी दहा वर्षे खपून केला होता आणि जुळवायला इटलीहून माणूस आला होता. दागिने असे चढत गेले. त्याच काळात शेजारच्या काझा प्रोफेसाचा एक भाग १६६३ च्या आगीत जळाला, आणि तो पुन्हा उभा राहिला १७८३ साली. संगमरवराला पैसे मिळतात, जळक्या छपराला एकशेवीस वर्षे थांबावे लागते. देणग्यांचा हा स्वभाव सर्व धर्मांत सारखाच दिसतो.

१७५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाने जेझुइटांना आपल्या मुलखातून हाकलले आणि त्यांची मालमत्ता जप्त केली. एका फटक्यात चर्चचा मालक, व्यवस्थापक आणि कारभारी तिन्ही गेले. शहर तर त्याआधीच ओस पडत चालले होते. साथीच्या रोगांनी लोक पळाले, व्हाइसरॉय आधी पणेलीला आणि मग पणजीला राहायला गेले. १८३५ मध्ये उरलेले धर्मसंघही गोव्यातून बरखास्त झाले, आणि जुन्या गोव्यातल्या एकेका इमारतीची किल्ली सांभाळायला माणूस उरला नाही.

काय झाले ते बघायचे असेल तर बॉम जीझसपासून चालत टेकडी चढावी. वर सेंट ऑगस्टिनचा अर्धा मनोरा उभा आहे. एके काळी हा ४६ मीटर उंच होता. १८३५ मध्ये ऑगस्टिनियन संघ गेला. सातच वर्षांत, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. मनोऱ्यातली मोठी घंटा आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि तिथून १८७१ मध्ये पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये. आजही ती तिथेच आहे. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. छत जायला सात वर्षे, एवढाच वेळ लागला. छपरातून पाणी शिरू लागले, तुंबले, झाडे उगवली, त्यांची मुळे सांध्यांत घुसली. कोणी सुरुंग लावला नव्हता. सेंट पॉल या जेझुइटांच्याच महाविद्यालयाची गत त्याहून वाईट. ते एकोणिसाव्या शतकात पाडले गेले आणि आज त्याची एक कमान शिल्लक आहे.

बॉम जीझस वाचले ते आत झेवियर होते म्हणून. जेझुइटांनी जाताना शव बदलले अशी अफवा उठली, तेव्हा ती मोडून काढायला १७८२ मध्ये शवाचे जाहीर दर्शन ठेवावे लागले. लोक येत राहिले म्हणून दार उघडे राहिले, आणि दार उघडे राहिले म्हणून कोणीतरी वर बघत राहिले. १८६२ मध्ये उत्तरेच्या भिंतीला बाहेरून दगडी टेकू दिले गेले. त्यांना फारसे कोणी बघत नाही. प्रवासी दर्शनी भागाचा फोटो काढतात, आत जातात, चांदीची पेटी बघतात, बाजूच्या दाराने बाहेर पडतात. माझ्या मते या इमारतीच्या इतिहासातला सर्वांत शहाणा खर्च या टेकूंचाच होता.

सदरा उतरवला

विसाव्या शतकात दिवस बदलले. १९४६ मध्ये पोपनी या चर्चला बासिलिकेचा मान दिला. १९५२ मध्ये झेवियर यांच्या मृत्यूला चारशे वर्षे होत होती आणि मोठा सोहळा ठरला होता. लिस्बनमध्ये हुकूमशहा सालाझारची राजवट होती. स्मारकांच्या डागडुजीसाठी तिच्याकडे वेगळे खाते होते आणि तिने इमारतींना ‘मूळ’ रूप देण्याचा सपाटा लावला होता. नंतरची सजावट काढायची, गिलावा खरवडायचा, दगड उघडा करायचा. लिस्बनच्या जुन्या कॅथेड्रलवरही हाच प्रयोग झाला. राष्ट्र जुने आहे हे सांगायला दगड जुना दिसला पाहिजे, असा तो हिशेब.

याच परंपरेतले वास्तुविद बाल्ताझार द काश्त्रू गोव्यात आले, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉम जीझसचा बाहेरचा गिलावा काढला गेला. चर्च एकाएकी प्राचीन दिसू लागले, आणि त्याचसाठी तो खटाटोप होता. पोर्तुगालच्या ग्रॅनाइटला जे चालून गेले ते गोव्याच्या चिऱ्याला चालेल का, आणि चार महिन्यांच्या पावसात त्याचे काय होईल, याचा विचार झाला असेल तर त्याची खूण भिंतीवर तरी दिसत नाही. शेजारची सी कॅथेड्रल, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी, सेंट कॅजेटन पांढरीच राहिली. आतल्या भिंतींचाही गिलावा शाबूत आहे. आत पाऊल टाकताच पांढऱ्या भिंती आणि समोर सोन्याने मढवलेली वेदी दिसते, ते मूळ रूपाच्या बरेच जवळचे.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. पुढे इमारतीच्या जतनाची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली, उपासना आणि दैनंदिन व्यवहार गोवा-दमणच्या आर्चडायोसिसकडे राहिला. १९८६ मध्ये गोव्याची चर्च आणि मठ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. दोन घरांतली ही वाटणी कागदावर स्वच्छ आहे. प्रत्यक्षात चर्च रोज वापरात असलेली जागा आहे: रोज मिस्सा, वर्षभर पर्यटकांची रीघ, दर दहा वर्षांनी शवदर्शनाचा महिना-दीड महिन्याचा सोहळा. कौल सरकले तर ज्याच्या डोक्यावर पाणी ठिबकते त्याला कौल सरळ करण्याचा अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे त्याच्या डोक्यावर पाणी ठिबकत नाही. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, छपराचे काम अडले आणि पाऊस तोंडावर आला, तेव्हा बासिलिकेच्या रेक्टरांना जाहीरपणे हाक द्यावी लागली. काम नंतर हाती घेतले गेले. दोष एका कोणाचा नाही. निविदा, मंजुरी, तज्ज्ञांची समिती हे सगळे वारसा वास्तूला हवेच. पण मृग नक्षत्र समितीच्या बैठकीसाठी थांबत नाही.

छपरानंतरचा प्रश्न गिलाव्याचा. तो परत चढवावा असे रेक्टरांनी सांगितले आहे, अनेक वास्तुजतनतज्ज्ञही सांगतात. भिंत जवळून बघितली तर त्यांचे म्हणणे पटते. वसईच्या बेसाल्टचे कंगोरे चारशे पावसाळ्यांनंतरही धारदार आहेत. त्यांच्यामधला चिरा खाल्ल्यासारखा झाला आहे, खड्डे पडले आहेत, सांधे उघडे. विरोधही समजण्यासारखा आहे. दोन-तीन पिढ्यांनी लालच चर्च पाहिले आहे. ते टपाल तिकिटासारखे मनात बसले आहे. युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हाही ते लालच होते. पांढरे केले तर ‘आमचे चर्च बदलले’ अशी तक्रार होणार. माझा कौल गिलाव्याच्या बाजूने आहे. साडेतीनशे वर्षांच्या सवयीसमोर सत्तर वर्षांची सवय मोडली तर बिघडत नाही. फक्त तो गिलावा चुन्याचा हवा, मुरवलेल्या चुन्याचा, आणि एकदा केला की दर पावसानंतर त्याला सफेदी हवी. एकदा फासून दहा वर्षे विसरायचे असेल तर न केलेला बरा.

आवाराबद्दल थोडे. आज बासिलिकेभोवती जी हिरवळ दिसते तिथे एके काळी दाट शहर होते, घरे आणि गल्ल्या होत्या. हिरवळ डोळ्यांना सुखावते, पण भिंतीला चिकटून रोज पाणी घातलेली हिरवळ चिऱ्याला घातक. पायाजवळची ओल चिरा दिव्याच्या वातीसारखी वर ओढून घेतो. भिंतीपासून हातभर तरी जमीन कोरडी, उताराची आणि गटाराची हवी. बसगाड्या लांब थांबाव्यात, आणि प्लास्टिकच्या बाटल्या पन्हळींत जाऊ नयेत. हे कोणत्याही गावच्या देवळाच्या पुजाऱ्याला सांगायची गरज पडत नाही. मोठ्या वास्तूंना मात्र त्यासाठी आराखडा लागतो.

वाचकांना एक विनंती. पुढच्या खेपेला जुन्या गोव्याला जाल तेव्हा दर्शनी फोटो काढून झाल्यावर उत्तरेच्या बाजूला वळसा घाला आणि १८६२ चे टेकू बघा. मग टेकडी चढून ऑगस्टिनचा मनोरा बघा. परत येताना बॉम जीझसच्या भिंतीवर पोरांना पाठ टेकू देऊ नका, नावे कोरू देऊ नका, आणि स्वतःही हात लावू नका. बोटाला लागते ती लाल पूड भिंतीचीच असते.